मातीने वचन दिले होते काय?

वसई-विरारकडे दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली आणि त्यांतली दोन कोकणची निघाली, की कोकण रेल्वेचा विषय निघाल्यावाचून चकलीची ताटली रिकामी होत नाही. गेल्या दिवाळीत एक स्नेही माझ्याच घरी, माझाच लाडू हातात धरून म्हणाले, "अहो, तो पेडण्याचा बोगदा शापित आहे. तिथली मातीच दगाबाज!" यजमान होतो म्हणून गप्प राहिलो. आता राहत नाही.

दगाबाज कोण? मातीने कोणाला वचन दिले होते काय?

सावंतवाडी मागे टाकून गाडी गोव्यात शिरते, तिथे हा जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, श्रीधरन यांनी सूत्रे घेतली आणि ७४१ किलोमीटरच्या वाटेवर नव्वदाच्या वर बोगदे खोदायचे ठरले. सह्याद्रीचा काळा कातळ दिसायला उग्र, पण वागायला सरळ. स्वीडनच्या यंत्रांनी भोके पाडावीत, सुरुंग उडवावेत. कातळ बहुधा आपले छत आपणच तोलून धरतो. खरी सत्त्वपरीक्षा झाली ती कातळ नसलेल्या नऊ बोगद्यांत. तिथे पाण्याने तुडुंब भरलेली चिकणमाती! सुरुंग फुकट, मोठी यंत्रे फुकट. हाताने थोडे खणावे, लगोलग आधार द्यावा, मग पुढची वीत. कित्येकदा खणलेले तेवढे पुन्हा कोसळे आणि कामाला पहिल्यापासून आरंभ. या नऊ बोगद्यांनी १९ माणसे घेतली. साऱ्या मार्गाने ७४. एकट्या पेडण्याने सहा वर्षे खाल्ली. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला.

आणि आपण म्हणू लागलो, निसर्गावर मात केली!

माझे भांडण आहे ते या शब्दाशी. मात कसली? ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे याच बोगद्याच्या भिंतीचा भाग ढासळला आणि गाड्या मिरज-पुण्याच्या वळणाने न्याव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल आला. पुन्हा गाड्या रद्द. यात शाप कुठे आला? ओली माती आपला भार टाकते, झिरपणारे पाणी बारीक माती वाहून नेते आणि अस्तरामागे पोकळी पडते. कातळातला बोगदा एकदा खोदला की बराचसा सुटतो. मातीतला दर पावसाळ्यात धरून ठेवावा लागतो. लंडनच्या थेम्सखाली ब्रुनेल पितापुत्रांनी १८२५ ला आरंभलेल्या बोगद्यात नदी पुन्हा पुन्हा घुसली आणि तो १८४३ ला खुला झाला. तेव्हा माती काही कोकणचीच खट्याळ नाही!

"शापित" म्हणण्यात मोठी सोय आहे. शाप म्हटला की हिशेब मिटला. पाणी काढून देण्यावर किती खर्च झाला, अस्तर कोणी केव्हा तपासले, हे मग कोणी विचारायला नको. फीत कापायला गर्दी. गटार उपसायला मात्र चार माणसे.

आम्ही प्रवासी तरी कोण मोठे शहाणे? वसईवरून मडगावला जाणारी गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पेढे वाटले. पावसाळी वेळापत्रकात गाडी रेंगाळली की तीच तोंडे शिव्या देतात. २००३ साली वैभववाडीजवळ दरड कोसळून पन्नासावर माणसे गेली, हे विसरायला आम्हांला किती वेळ लागला? भर पावसात रुळांवर कंदील घेऊन फिरणारा गस्तवाला आमच्या ध्यानीमनीही नसतो.

यंदा जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात, विरार-बोईसरच्या दरम्यान, बुलेट गाडीचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा आरपार झाला. छायाचित्रे निघाली, अभिनंदने झाली. ती व्हावीतच. पण त्याच्या तिसाव्या पावसाळ्याची तजवीज काय, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

ते स्नेही यंदाही यायचे आहेत. लाडू देईनच. पण "शापित" म्हणाले, तर त्यांना आधी रत्नागिरीच्या श्रमशक्ती स्मारकावर पाठवीन. चहा परत आल्यावर.