गर्भातला जीव आणि त्याची आई



सांडोरमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाला चर्चची घंटा परकी नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या वाड्यांत आपल्या किती तरी भगिनी फुले-भाजी खुडायला जातात. त्यामुळे त्यांच्या धर्माची शिकवणही कानावर येते. गर्भ राहिला त्या क्षणापासून तो माणूसच, त्याला संपवणे म्हणजे हत्या, असे कॅथलिक चर्च सांगते. मग आपल्या भगिनी विचारतात, "आपला धम्म यावर काय म्हणतो?" प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून या आठवड्याचे सदर त्यासाठी.

पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. विनयात भिक्खूने गर्भपाताला मदत करण्यासही सक्त मनाई आहे. म्हणजे गर्भाला आपल्याकडे किंमत नाही, असे कोणी म्हणू नये. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हा कडक नियम नसून तत्त्व आहे असे समजावले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. आम्हाला वाटते, या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. गर्भातला जीव हवेत तरंगत नसतो, तो एका बाईच्या पोटात असतो. त्या बाईला बाजूला ठेवून त्याच्याबद्दल बोलणे अर्धवट आहे.

जीव वाचवण्याची चळवळ कशी करावी, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. पुण्यात एका ब्राह्मण विधवेला दिवस गेले. ज्याच्यापासून गेले त्याने अंग काढून घेतले. तिने जन्मलेले मूल विहिरीत टाकले आणि सरकारने तिला जन्मठेप देऊन काळ्या पाण्यावर पाठवले. हे पाहून जोतीराव व सावित्रीबाईंनी 1863 साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर आम्ही सांभाळू, अशा अर्थाच्या जाहिराती पुण्यात लावल्या. "पाप केलेस" असे तिथे कोणी म्हटले नाही. बाळंतपणे सावित्रीबाई करीत.

पुढे 1884 साली जोतीरावांनी सक्तीच्या वैधव्याविषयी सरकारला जे निवेदन लिहिले, त्यात हिशेब आहे. तोवर 35 विधवा त्या गृहात बाळंत झाल्या होत्या. त्यांतली 5 मुले जगली, 30 गेली. कारण घरी असतानाच दिवस लपवण्यासाठी त्या बायांनी विषारी औषधे घेतली होती, आणि त्यांनी गर्भाला आधीच इजा केली होती. हा आकडा वाचताना आम्ही थबकलो. जोतीरावांनी तो लपवला नाही. भीतीने बाई गर्भ पाडते आणि तोही विष घेऊन, हे त्यांनी सरकारपुढे मांडले आणि बोट दाखवले ते बाईला असे करायला लावणाऱ्या रूढीकडे. त्या गृहात आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने 1874 साली दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तेव्हा दवाखाना त्याचाच होता.

बाबासाहेबांनी हेच काम कायद्यात नेले. 1928 साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायांना बाळंतपणाची रजा व पैसे देण्याचे विधेयक आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आणि ज्यांना बाबासाहेबांचा हा एकच पैलू माहीत आहे, त्यांना दुसरा सांगतो. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव मंजूर झाला नाही. नको असताना वारंवार बाळंत होऊन बाई खंगते, हे त्या काळात उघडपणे बोलणे सोपे नव्हते. बाळंतपणाची रजा मागणारा आणि नको त्या गर्भापासून बाईला सोडवू पाहणारा माणूस एकच होता, यात आम्हाला विसंगती दिसत नाही.

आता आपल्या काळातले. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे ही मात्र सरळ मारण्याची इच्छा आहे, तिथे गरजेचा प्रश्नच नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली 1991 साली 946 होत्या, 2001 साली 913 आणि 2011 साली 894. मुंबईतल्या महिला संघटनांनी 1980 च्या दशकात आवाज उठवला, म्हणून 1988 साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा 1994 साली आला. पण कायदा कागदावर आणि सोनोग्राफी यंत्र गल्लीत, अशी गत झाली. तेव्हा साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने लेक लाडकी अभियानातून डॉक्टरांनाच पकडायला सुरुवात केली. दिवस गेलेली एखादी धीराची बाई खोटी गिऱ्हाईक बनून आत जायची आणि पुरावा घेऊन यायची. डॉक्टर तोंडाने काही बोलत नाही. पेढे वाटा किंवा बर्फी वाटा, एवढे म्हटले की घरच्यांना कळते. पोटात मूल घेऊन त्या खोलीत शिरणाऱ्या बाईचे धैर्य कोणत्या पुढाऱ्यात आहे, सांगा. वर्षाताईंना 2025 साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. परळीच्या मुंडे डॉक्टर दांपत्याला एका बाईच्या मृत्यूच्या खटल्यात 2019 साली दहा वर्षांची शिक्षा झाली; मृत्यू 2012 चा होता, सात वर्षे गेली.

हे सारे दुसऱ्या समाजाचे दुखणे, असे समजून कोणी पान उलटू नये. दोन मुलींवर थांबलेल्या सुनेला "वंशाचा दिवा" ऐकवणारी सासू बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातही असते. मल्लिका राणीला मुलगी झाली म्हणून पसेनदी राजा खट्टू झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षा सरस निघू शकते असे तथागतांनी त्याला समजावले. ही कथा नामकरणाच्या प्रसंगी सांगावी, असे आम्ही सुचवतो. बारसे मुलीचे असो की मुलाचे.

एक गोष्ट मात्र गोंधळ न करता समजून घ्या. लिंग तपासणी गुन्हा आहे. ती करणारा डॉक्टर आणि बाईला तिकडे नेणारे नवरा-सासू गुन्हेगार आहेत. बाईवर जबरदस्ती झाली असेच कायदा धरून चालतो. पण गर्भपात सरसकट गुन्हा नाही. 1971 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार कायद्यात दिलेल्या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही प्रकरणांत 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. "बेटी बचाव"च्या नावाखाली हा हक्क नाकारला गेला तर ती बाई भोंदूकडे जाते, आणि पुण्याच्या त्या 35 जणींची औषधे पुन्हा बाजारात येतात.

ख्रिस्ती शेजाऱ्यांशी या बाबतीत आपले सगळे जुळणार नाही. लिंग तपासणीविरुद्ध मात्र खांद्याला खांदा लावता येईल. आणि गरोदर बाईला वाडीत ओझे उचलायला लावू नये, बाळंतपणात तिची मजुरी बुडू नये, एवढे तर त्यांच्याकडे हक्काने मागता येईल. 2017 साली बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली खरी, पण ती पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईला. वाडीतल्या मजूर बाईला आणि वसई रोडच्या इमारतींत धुणीभांडी करणारीला काय?

तिच्यासाठी निदान प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. अनुसूचित जातीच्या भगिनी यात बसतात, आणि 1990 सालापासून केंद्रात बौद्धांनाही ती सवलत आहे. म्हणून जातीचा दाखला आजच काढून ठेवा. दिवस राहिल्याचे कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा, माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, आधार कार्ड आणि स्वतःच्या नावाचे बँक पासबुक जवळ ठेवा. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांना पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात कोणी शिकलेल्या मुलीने भरून द्यावा. बाळंतपणाला सरकारी रुग्णालयात जाताना दुसरी एक बाई बरोबर असू द्या, आणि कागद तिच्याकडे द्या.