चर्चने बहिष्कृत केलेल्या व्यक्तीला परतीचा मार्ग असतो का?

मुंबईतल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये, मग ते वाकोल्याचं सेंट अँथनी असो की माहीमचं सेंट मायकल, रविवारच्या मिस्सामध्ये एक क्षण असा येतो की लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभे राहतात आणि काही जण बाकावरच बसून राहतात. त्यांपैकी कुणी घटस्फोटानंतर कोर्टात दुसरं लग्न केलेलं असतं, तर कुणी काही वर्षं दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनासभांना जाऊन परतलेलं असतं. आपल्याला चर्चने 'बाहेर काढलंय', असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटत असतं.

प्रत्यक्षात बऱ्याचदा तसं नसतं. आणि जिथे खरोखर बहिष्कार असतो, तिथेही चर्चच्या कायद्याने परतीचा मार्ग ठेवलेला आहे.

बहिष्कार म्हणजे नेमकं काय?

कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे. सध्याची संहिता 1983 सालची आहे. तिचा शिक्षांविषयीचा भाग पोप फ्रान्सिस यांनी बदलला आणि तो 8 डिसेंबर 2021 पासून लागू झाला.

या कायद्यात बहिष्कार ही 'औषधी' शिक्षा मानली जाते. माणसाला कायमचं घालवून देणं हा तिचा उद्देश नसतो, त्याला चूक उमगावी हा असतो. त्यामुळे ती ठरावीक वर्षांसाठी दिली जात नाही. माणूस हट्ट सोडेपर्यंतच ती टिकते.

बहिष्कृत व्यक्तीला ख्रिस्तप्रसाद आणि इतर संस्कार घेता येत नाहीत. तिला चर्चमधलं पद सांभाळता येत नाही, बाप्तिस्म्यात धर्ममातापिता होता येत नाही. पण तिचा स्वतःचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. त्यामुळे परत येताना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

ही शिक्षा दोन प्रकारे लागते. एक म्हणजे चौकशीनंतर आदेश काढून. त्याआधी किमान एकदा ताकीद देणं बंधनकारक आहे. दुसरी म्हणजे कृत्य घडताच आपोआप. श्रद्धा सोडणं, चर्चपासून फुटून निघणं, गर्भपात करणं, ही त्याची काही उदाहरणं. मात्र वय 16 पेक्षा कमी असेल तर शिक्षा लागत नाही. वय 18 पेक्षा कमी असेल किंवा कृत्य मोठ्या भीतीपोटी घडलं असेल, तर आपोआप लागणारी शिक्षा लागू होत नाही.

परत कसं येतात?

पहिली पायरी म्हणजे आपल्या पॅरिशच्या धर्मगुरूंना भेटणं. प्रकरण जाहीर झालेलं नसेल, तर पुष्कळदा ते पापनिवेदनातच मिटू शकतं. गर्भपाताच्या पापातून मोकळं करण्याचा अधिकार 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिला.

आदेश काढून लावलेली शिक्षा साधारणपणे बिशप उठवतात. वाकोल्यासाठी ते म्हणजे मुंबईचे आर्चबिशप. पापनिवेदनाची गुप्तता मोडणं किंवा पवित्र भाकरीची विटंबना, अशी मोजकी प्रकरणं मात्र थेट रोमकडे जातात.

पश्चात्ताप खरा असावा आणि झालेलं नुकसान भरून द्यावं, अशी अपेक्षा असते. हे झाल्यावर शिक्षा उठवायला नकार देता येत नाही, असं कायदा सांगतो. मृत्यू जवळ आला असेल, तर कोणताही धर्मगुरू त्या व्यक्तीला मोकळं करू शकतो.

हे अगदी वरच्या पातळीवरही घडलेलं आहे. श्रीलंकेचे धर्मगुरू तिस्सा बालसूर्य यांना जानेवारी 1997 मध्ये बहिष्कृत केलं गेलं आणि वर्षभरातच, जानेवारी 1998 मध्ये, शिक्षा उठली. रोमच्या संमतीशिवाय 1988 मध्ये अभिषेक झालेल्या चार बिशपांना मात्र 2009 पर्यंत थांबावं लागलं.

घटस्फोटितांचं काय?

इथेच सर्वात जास्त गैरसमज आहे. केवळ घटस्फोट घेतल्याने ख्रिस्तप्रसादही बंद होत नाही. कोर्टात दुसरं लग्न केलेल्यांना चर्चच्या नियमानुसार तो सहसा घेता येत नाही, पण ते बहिष्कृत नसतात. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेटिशिया' या पत्रात हे स्पष्टपणे लिहिलं.

त्यांच्यासाठी मुख्य मार्ग आहे चर्चच्या न्यायाधिकरणाचा. पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं, असा निर्णय तिथे मिळाला तर दुसरं लग्न चर्चमध्ये लागू शकतं. डिसेंबर 2015 पासून ही प्रक्रिया सोपी झाली. पूर्वी लागणारा दुसऱ्या न्यायाधिकरणाचा दुजोरा आता लागत नाही.

पण एक सावधगिरी हवी. चर्चचा हा निर्णय देशाच्या कायद्यात घटस्फोट ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे सांगितलं आणि 2017 मध्येही तीच भूमिका कायम ठेवली. त्यामुळे कोर्टाचा घटस्फोट आधी घ्यावा लागतो. नाहीतर दुसरं लग्न द्विभार्याप्रतिबंधाच्या गुन्ह्यात अडकू शकतं.

कोर्ट सदस्यत्व परत देऊ शकतं का?

या प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला खटला मुंबईचाच, पण दाऊदी बोहरा समाजातला. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्काराला बंदी घालणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कार टाकणं हा पंथाचा स्वतःचा कारभार आहे, असं बहुमताने मानलं. फेब्रुवारी 2023 मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

दरम्यान महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो 2017 मध्ये लागू झाला. दफनभूमी नाकारणं, समाजाच्या कार्यक्रमांपासून रोखणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे शेजाऱ्यांनी वाळीत टाकलं, तर पोलिसांकडे जाता येतं. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत परत उभं राहायचं असेल, तर मात्र धर्मगुरूंचंच दार ठोठवावं लागतं. आणि आपण खरोखर बहिष्कृत आहोत का, हा तिथे विचारायचा पहिला प्रश्न आहे.