पंपाला सवलत, माथ्याला कोरड



३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या जिल्ह्यातले दोन तालुके त्यात आले : बुलडाणा आणि लोणार. त्या वर्षीचा ऑगस्ट तुम्ही-आम्ही वावरात उभे राहून पाहिला. हवामान खात्याच्या देशभराच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत. त्यात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. म्हणजे दुष्काळ खरा होता, जाहीर केला ते बरेच केले. आमचा सवाल पुढचा आहे. हा जाहीर झालेला दुष्काळ कोणाच्या वावरात शिरला, आणि कोणाच्या धुऱ्यावरूनच परत गेला?

दुष्काळासोबत आठ सवलती आल्या. एकेक घेऊन पाहू.

जमीन महसुलात सूट. वनजमीन कसणाऱ्याकडून महसूल घेतच नाहीत, दंड घेतात. दंडात सूट जाहीर झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

पीककर्जाचे पुनर्गठन आणि कर्जवसुलीला स्थगिती. ज्याला बँकेने कधी कर्जच दिले नाही, त्याचे पुनर्गठन कशाचे करणार? वनपट्टा विकता येत नाही, गहाण पडत नाही, म्हणून बँक तोंड फिरवते. मग माणूस सावकाराकडे जातो. सावकाराची वसुली कोणी थांबवली?

शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, आणि टंचाईच्या गावात पंपाची वीज न तोडणे. आठातल्या दोन सवलती या पंपाच्या आहेत. आमच्या डोंगरउतारावरच्या वावरात ना पंप, ना खांब. एक म्हातारी सभेत म्हणाली ते खरे : “तारच नाही आली, तं तोडतीन काय?”

राहिल्या परीक्षा फी माफी, टँकर आणि रोजगार हमीच्या निकषात ढिलाई. टँकर गावाच्या विहिरीपर्यंत येतो. वाडी-तांडा-पोडावर बायकांच्या डोक्यावरच येतो. रोजगार हमी मात्र आपली आहे, त्याबद्दल खाली लिहिले आहे.

आता रोख मदत. आपत्ती निवारण निधीचा केंद्राचा २०२२ पासूनचा दर असा आहे : कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, मर्यादा दोन हेक्टर, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवे. राज्य सरकार कधी त्यात भर घालते, पण बागायतीला कोरडवाहूपेक्षा जास्त हे माप तसेच राहते. हिशेब मांडा. दोन हेक्टर बागायत बुडाली तर ३४,००० रुपये. तेवढीच कोरडवाहू बुडाली तर १७,०००. आणि ज्याचा वनदावा कुठल्या तरी समितीच्या कपाटात पडून आहे, त्याचे तेवढेच सोयाबीन, तेवढीच तूर बुडाली तर काहीच नाही. पंचनाम्याला गट नंबर लागतो, ई-पीक पाहणीला गट नंबर लागतो. ज्याला गट नंबर नाही, त्याचे पीक सरकारच्या लेखी उगवलेच नाही. मग ते वाळेल कसे?

सरकार म्हणेल, बागायतदाराचा खर्च जास्त म्हणून नुकसान जास्त. खर्च जास्त असतो, हे आम्हाला मान्य आहे. ज्याची विहीर आटली, ज्याच्या संत्र्याची झाडे उभी वाळली, तो आमचा वैरी नाही. त्याला दुप्पट मिळाले म्हणून आमचे पोट दुखत नाही. पण या मापाचा अर्थ काय होतो, ते सांगणे भाग आहे. ज्याला आधी पाणी मिळाले, त्याचे पाणी गेल्यावर दुप्पट भरपाई. ज्याला पिढ्यान् पिढ्या पाणी मिळालेच नाही, त्याला अर्धी. ज्याला जमिनीचा कागदच दिला नाही, त्याला शून्य. म्हणजे सरकारने आधी जे दिले नाही, त्याचीच शिक्षा दुष्काळात पुन्हा.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ही सगळी मदत पाणी आटल्यावरची आहे. बिलात सूट दिल्याने विहिरीत पाणी येत नाही. आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट. पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत तेवढे साठते. माथ्यावर मुरले तर पायथ्याची विहीर उन्हाळ्यात टिकते. माथ्यावरून पळाले तर पायथ्याला कितीही बोअर मारा, धूळ निघते. लोणारच्या विवराकडे बघा. खाली सरोवर खारे, त्याच्यावर पीक येत नाही. पण काठावरची गोमुखाची धार गोडी आहे. ते गोडे पाणी वरच्या जमिनीत मुरलेलेच पाणी आहे. सरोवर २०२० मध्ये रामसरच्या यादीत गेले, जगभरचे लोक पाहायला येतात, कोट्यवधींचे आराखडे होतात. होऊ द्या. पण धारेचे शिक्षण घ्यायला कोणी येत नाही : माथा भिजला तरच पायथा पितो.

आणि माथा कोणाच्या ताब्यात आहे? बहुतेक ठिकाणी जंगल खात्याच्या. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हाच जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार त्यात केली होती, आणि बांध-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवा असेही सांगितले होते. या दोन गोष्टी त्यांनी एकाच पुस्तकात उगाच नाही मांडल्या. डोंगर लोकांच्या हातून गेला की पाणीही जाते.

साहेब लोक सांगतात, “जंगलात तळे खोदता येत नाही, कायदा आडवा येतो.” हे खोटे आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) नीट वाचा, वाचून दाखवा. तळी आणि लहान जलसाठे, पावसाचे पाणी साठवण्याची कामे, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, लहान सिंचन कालवे यांच्यासाठी वनजमीन देता येते. अटी तीन : प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. म्हणजे कायदा आडवा नाही, कायदा आपल्या बाजूने उभा आहे. आडवा आहे तो टेबलामागचा माणूस.

याच कायद्याच्या नियमांत २०१२ साली नियम १६ आला. हक्क मान्य झालेल्यांना जमीन सुधारणेच्या आणि उपजीविकेच्या सगळ्या सरकारी योजना मिळवून देणे ही राज्य सरकारची जबाबदारी, असे तो म्हणतो. मेहरबानी नाही, जबाबदारी. रोजगार हमीतून सिंचन विहिरीला २०२२ मध्ये ४ लाख रुपयांपर्यंत देण्याचे ठरले आणि लाभार्थ्यांच्या यादीत वनहक्काचे धारक स्पष्ट लिहिलेले आहेत. पण अर्ज घेऊन गेले की सातबारा आणि आठ-अ मागतात. एका हाताने नाव यादीत घालायचे, दुसऱ्या हाताने दार लावायचे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. वनपट्टा हाच जमिनीचा पुरावा धरा. पंचनामा, पीक पाहणी, पीककर्ज, विहीर, सगळीकडे.

२. दावा प्रलंबित असला तरी उभ्या पिकाचा पंचनामा करा. दुष्काळ दाव्याच्या निकालासाठी थांबत नाही.

३. दुष्काळी गावात आधी माथ्यावरची कामे काढा : सलग समतल चर, दगडी बांध, वनतळी. ती रोजगार हमीतून, गावच्याच मजुरांकडून, मशीन नको.

४. ज्या कुटुंबाकडे वनहक्काच्या जमिनीशिवाय दुसरी मालमत्ता नाही, त्या आदिवासी कुटुंबाला १५० दिवस कामाची तरतूद आहे. ते दिवस जॉब कार्डावर दिसले पाहिजेत.

आता आपण काय करायचे ते. मागण्या छापून पाऊस पडत नाही. प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत कलम ३(२) खाली ठराव करावा. ठरावात जागेचे नाव, नाल्याचे नाव, किती गुंठे, किती झाडे, हे सगळे लिहा. मोघम ठराव परत येतो. जागा म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना विचारून ठरवा. पाणी कुठून पळते ते त्यांच्याइतके कोणत्याच नकाशाला माहीत नाही. बायका सभेला हव्यातच. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, आणि घागरही बाईच वाहते. कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका. दाव्यात त्याच आपल्या कब्जाचा पुरावा ठरतात.

आणि पायथ्याच्या बागायतदाराला ठरावाची एक प्रत नेऊन द्या. त्याला सांगा, “भाऊ, आमच्या माथ्यावर तळं झालं तं तुह्या विहिरीले पाणी राहीन. बिलाच्या सुटीपेक्षा ते पक्कं. आमच्या मोर्चात ये.” तो आला तर लढाई अर्धी जिंकलो. नाही आला तरी तळे खोदायचेच आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले. त्या घामातून १९७७ चा रोजगार हमी कायदा निघाला. तो वरून कोणी दिला नव्हता. हा हक्कही कोणी वरून देणार नाही.

माथा आमचा, पाणी सगळ्यांचं!
जल, जंगल, जमीन – ग्रामसभेच्या हाती!