"अप्रूव्ह झालं" म्हणजे नेमकं काय झालं?



आज मशीन, लोन, सबसिडी यातलं काहीच नाही. आज बोलायचंय काही इंग्रजी शब्दांबद्दल. टेस्ट, ट्रायल, अप्रूव्ह, सर्टिफाइड, सँक्शन. हे शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. माझं स्पष्ट मत आहे की नव्या उद्योजकाचे पैसे मशीनमध्ये जितके अडकत नाहीत, तितके या शब्दांच्या चुकीच्या अर्थात अडकतात.

आधी माझीच गोष्ट सांगतो. मी सुरुवातीला कापडी पिशव्या शिवून घ्यायचो. एका मोठ्या दुकानाला सॅम्पल दाखवलं. दोन दिवसांनी तिथल्या माणसाचा फोन आला, "सॅम्पल अप्रूव्ह झालंय." मी खूश! कापड उचललं, दोन ताईंना कामाला लावलं आणि ६०० पिशव्या तयार केल्या. माल घेऊन गेलो तर तो म्हणाला, "अहो, सॅम्पल पसंत आहे असं म्हटलं होतं. रेट कुठे ठरलाय? ऑर्डर कुठे दिलीय?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यासाठी अप्रूव्ह म्हणजे 'पसंत'. माझ्यासाठी अप्रूव्ह म्हणजे 'ऑर्डर पक्की'. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधल्या खड्ड्यात पडलो मी. त्या पिशव्या खपवायला मला सात महिने लागले. तेव्हापासून कानाला खडा लावला.

आता हाच शब्द आणखी एका ठिकाणी बघा. दुकानदार म्हणतो, "माल अप्रूव्हलवर ठेवून जा." इथे अप्रूव्हल म्हणजे पसंतीही नाही आणि ऑर्डरही नाही. पटला तर ठेवीन, नाहीतर परत देईन, असा त्याचा अर्थ. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम २४ मध्ये यासाठी नियम आहे. दुकानदाराने माल स्वीकारल्याचं कळवलं, किंवा मुदत उलटूनही नको असं न कळवता माल ठेवून घेतला, तर तो माल त्याचा झाला. मुदत ठरलेलीच नसेल तर 'वाजवी वेळ' धरतात. आता वाजवी म्हणजे किती, यावर तुम्ही भांडत बसणार का? त्यापेक्षा चलनावरच लिहा, "१५ दिवसांत परत न आल्यास विक्री समजली जाईल." आणि त्यावर सही घ्या. जीएसटीतही अशा मालाचं बिल, विक्री झाली तेव्हा किंवा माल पाठवल्यापासून ६ महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा करावं लागतं. म्हणजे दुकानदार गप्प बसला तरी तुमचं घड्याळ चालूच आहे.

आता खाद्यपदार्थवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. पुष्कळ पाकिटांवर मी 'एफएसएसएआय अप्रूव्ह्ड' असं छापलेलं बघतो. तुमच्याकडे काय असतं? १४ आकडी नंबर. तो असतो रजिस्ट्रेशनचा किंवा लायसन्सचा, म्हणजे नोंदणीचा किंवा परवान्याचा. तुम्हाला व्यवसाय करायला परवानगी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं लोणचं कुणी चाखून चांगलं ठरवलेलं नाही. नंबर जरूर छापा, छापायलाच हवा. पण त्याला पसंतीची पावती म्हणून मिरवू नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. छोट्या उद्योगाला हे परवडेल का?

'लॅब टेस्टेड'चंही तसंच. लॅबचा रिपोर्ट असतो तुम्ही नेऊन दिलेल्या त्या एका सॅम्पलचा आणि त्यात लिहिलेल्या तेवढ्याच चाचण्यांचा. ओलावा तपासला असेल तर ओलाव्याचंच कळतं, भेसळीचं नाही. पुढच्या महिन्यात केलेल्या मसाल्याबद्दल तो रिपोर्ट काहीच बोलत नाही. आणि 'एनएबीएल' मसाला तपासत नाही, ती लॅबला मान्यता देते. तीसुद्धा ठराविक चाचण्यांसाठी. म्हणून पैसे भरण्याआधी लॅबला विचारा, "मला हवी असलेली टेस्ट तुमच्या मान्यतेत बसते का?"

'आयएसओ सर्टिफाइड' म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटतं माल एक नंबर. पण आयएसओ ९००१ हे तुमच्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे, मालाबद्दल नाही. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते वेगळ्या संस्था देतात. त्यामुळे कुणी फोन करून "दोन दिवसांत आयएसओ करून देतो" म्हणालं, तर आधी विचारा, तपासायला येणार कोण? कुणीच येणार नसेल तर तो फक्त फ्रेममधला कागद. 'उद्यम'चंही लक्षात ठेवा. ती तुम्ही स्वतः दिलेल्या माहितीवर होणारी नोंदणी आहे, सरकारी साइटवर फुकट होते. ती गुणवत्तेचा शिक्का नाही आणि लोनची हमी तर नाहीच.

लोनवरून आठवलं, सँक्शन! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मंजुरी आणि निर्बंध, दोन्ही होतो. आपल्याकडे बँकेत तो मंजुरीच्या अर्थाने येतो. पण मंजुरी म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. सँक्शन लेटरमध्ये अटी असतात. त्या पूर्ण झाल्या की मग पैसे सुटतात. "सँक्शन झालंय" या दोन शब्दांवर गाळ्याचं डिपॉझिट भरून बसलेले लोक मला दर बॅचमध्ये भेटतात.

काही जण मला म्हणतात, "सर, इतके प्रश्न विचारले तर समोरचा वैतागेल. धंदा विश्वासावर चालतो." बरोबर आहे. पण अर्थ विचारला म्हणजे अविश्वास दाखवला असं होत नाही. सराफ सोनं कसोटीच्या दगडावर घासून बघतो, तेव्हा गिऱ्हाईकाला राग येतो का? उलट त्याच्यावरचा भरवसा वाढतो. आपला 'कसोटी' हा शब्द त्या दगडावरूनच आलाय. आपल्या भाषेत चाचणी वेगळी, तपासणी वेगळी, पसंती वेगळी, मंजुरी वेगळी, नोंदणी वेगळी. इतके स्वच्छ शब्द असताना आपण सगळं एका 'अप्रूव्ह'मध्ये का कोंबतो? इंग्रजी वापरा, माझं काही म्हणणं नाही. पण खर्च करण्याआधी तो शब्द मनातल्या मनात मराठीत करून बघा.

आणि हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

१. कुणी तपासलं?
२. नेमकं काय तपासलं?
३. कशाच्या तुलनेत ठरवलं?
४. आता मी पुढे काय करायचं, आणि ते लेखी कुठे आहे?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मी त्या दिवशी फोनवर एवढंच विचारायला हवं होतं, "साहेब, अप्रूव्ह म्हणजे किती नग, कुठल्या रेटने, आणि अॅडव्हान्स कधी?" अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता. तो न विचारल्यामुळे माझ्या घराच्या माळ्यावर सात महिने पिशव्यांचे गठ्ठे पडून होते.

तुमचा माळा रिकामा राहो. आज तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये 'ओके', 'अप्रूव्ह्ड', 'फायनल' असे जे मेसेज आलेत ना, ते एकदा उघडा. ज्याचा अर्थ नक्की माहीत नाही, त्या माणसाला आजच फोन लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!