रक्त हिरवं केलं, पुढे काय?

सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने परतला. रक्त हिरवं, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास, बाकी जवळपास तेच. खरा वारस मला पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' वाटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या बॅटल रॉयलमध्ये शेवटी कॉस्मियम हाती लागलं, की सगळ्यांना न मारताही जिंकता येतं. लपून बसणाऱ्यांची पंचाईतच! बंदुकीचा फील पबजीचाच सरस, हे मान्य. पण कॅम्प ४ च्या लालचक्कीवर चहा मारताना पोरांची अडचण वेगळीच असते, "भारी आहे रे, पण स्क्वॉड कुठाय?" अरे, चौघं तर इथेच बसलोय! टाका की डाउनलोडला.