घरातला संगणक शांतच असायला हवा

संगणक घेताना आपण प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी केवढी, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळे विचारतो. चालू केल्यावर तो आवाज किती करेल, हे ना गिऱ्हाईक विचारते, ना दुकानदार सांगतो. कार्यालयात त्यावाचून काही अडत नव्हते. एसीची घरघर, वाजणारे फोन, येणारीजाणारी माणसे यांत एका यंत्राचा आवाज कुठल्या कुठे विरून जाई. २०२० मध्ये काम घरी आले आणि अनेकांच्या बाबतीत आठवड्यातले काही दिवस तरी ते घरीच राहिले. डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या वन बीएचकेत ज्या खोलीत मुले अभ्यास करतात, आजी दुपारी आडवी होते, त्याच खोलीच्या कोपऱ्यात आता दिवसाचे आठ-दहा तास संगणक चालतो. अशा खोलीसाठी यंत्र जुळवताना आवाजाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तो आधी केला तर खर्च वाढत नाही. बहुतेक वेळा उलट पैसे वाचतात, कारण आवाज ज्या कारणांनी होतो त्यांतली बरीचशी कारणे आपण गरज नसताना विकत घेतलेली असतात.

संगणकात गेलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णतेत बदलते. १०० वॅट आत गेले की १०० वॅटची उष्णता पेटीबाहेर काढावी लागते. ती काढायला पंखे लागतात आणि आपल्याला ऐकू येते ती त्यांची घरघर. त्यामुळे शांत यंत्राचा विचार वॅटपासून सुरू करावा लागतो, पंख्यांची पाळी नंतर येते. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, तर मधल्या फळीतले कित्येक प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गात मोडतात. हा ६५चा आकडाही पूर्ण खरा नसतो. जोराचे काम आले की हे प्रोसेसर काही काळ त्याहून बरीच जास्त, काही तर दुपटीहूनही जास्त, वीज ओढू शकतात. पण बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, ही मर्यादा खाली आणता येते, आणि आणावी. प्रोसेसरचा वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेगातला शेवटचा थोडासा भाग मिळवण्यासाठी विजेचा फार मोठा भाग खर्ची पडतो. तेवढा वेग सोडून दिला तर टॅली, जीएसटीचे रिटर्न, एक्सेलच्या मोठ्या फायली, भाषांतर, डीटीपी, व्हिडिओवरच्या बैठका यांत फरक जाणवतही नाही. ग्राफिक्स कार्डाचे तर विचारायलाच नको. ज्यांना व्हिडिओ संपादन, थ्रीडी किंवा गेमिंग करायचे नाही, त्यांना प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. तरीही ‘पुढे लागले तर’ म्हणून वेगळे कार्ड गळ्यात मारले जाते. त्या एका वस्तूबरोबर दोन-तीन पंखे, जास्त क्षमतेचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि मोठे बिल असे सगळेच घरात येते.

वॅट आटोक्यात आले की मग पंख्यांचा हिशेब करायचा. तो प्रत्येक खरेदीदाराला ठाऊक असायला हवा, इतका तो सोपा आणि उपयोगी आहे. एकाच पंख्याचा वेग अर्ध्यावर आणला तर तो निम्मी हवा फेकतो, पण त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. निम्मी हवा कमी पडत असेल तर तसाच दुसरा पंखा शेजारी लावावा. दोन सारख्या आवाजांची बेरीज एकापेक्षा फक्त ३ डेसिबलने जास्त भरते. म्हणजे हवा पहिल्याइतकीच आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी वाटते, हे लक्षात घेतले की हा सौदा किती फायद्याचा आहे ते कळते. तीच गोष्ट आकाराची. छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेऊन अख्ख्या खोलीला वारा घालतो, कारण त्याची पाती लांब आहेत. तसाच १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर जे काम करतो, त्यासाठी ८० मिलिमीटरच्या पंख्याला जीव तोडून फिरावे लागते. छोट्या, घट्ट, देखण्या पेट्यांचे आकर्षण घरच्या कामासाठी सोडून द्यावे, ते यासाठी. मोठ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवर बसणारा मोठा कूलर, मोठे पंखे आणि हवेला मोकळी वाट मिळते. समोरून काचेने बंद केलेले आणि आत रंगीत दिवे लावलेले कॅबिनेट दुकानात उठून दिसते, पण ज्या बाजूने गार हवा आत यायची तीच बाजू त्यात अडवलेली असते. पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट दिसायला मळकट असेल, तरी कामाचे तेच.

आवाज किती आहे याइतकेच तो कसा आहे यालाही महत्त्व असते. एका पातळीवर राहणाऱ्या मंद आवाजाला कान सरावतो, चढउतार करणाऱ्या आवाजाला सरावत नाही. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-वीस अंशांनी उडी मारते, आणि पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावू लागला तर बसल्या जागी चिडचिड होते. याचा उपाय फुकट आहे. चार पिनांच्या पंख्याचा वेग बायोसमधून ठरवता येतो आणि कित्येक मदरबोर्डमध्ये पंख्याने किती सेकंद थांबून प्रतिसाद द्यावा हेही ठरवता येते. जुळवणी करणारे हे सहसा करून देत नाहीत, कारण कुणी मागत नाही. बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात सांगता येते. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि ती कंपने पत्र्याच्या पेटीतून टेबलात उतरून गुणगुणतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. रोजच्या कामाची डिस्क एसएसडी असावी आणि बॅकअपची हार्ड डिस्क लागेल तेव्हाच जोडावी. एसएमपीएस चांगल्या कार्यक्षमतेचा घ्यावा, कारण वाया गेलेली वीज तिथेही उष्णताच होते. लिक्विड कूलिंग शांत असते हा समज तेवढा खरा नाही. त्यात पंप असतो, रेडिएटरवर पुन्हा पंखेच असतात, आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरजही नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बाहेर रिक्षा, भोंगे, ड्रिल. घरात छताचा पंखा आणि मिक्सर. त्यात संगणकाच्या आवाजाचे काय घेऊन बसलात? आपल्या शहरांतल्या गोंगाटाबद्दल दुमत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि ती कितपत पाळली जाते हे रस्त्याकडेला राहणाऱ्यांना सांगायला नको. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत घराच्या आत ३५ डेसिबलची पातळी सुचवली आहे आणि निजायच्या खोलीसाठी ३०. खिडकी लावल्यावर, रात्री दहानंतर, थंडीत छताचा पंखा बंद असताना यंत्राची घरघर एकटीच उरते, आणि निवांत डोक्याने करायचे काम नेमके याच वेळांना ठेवलेले असते. शिवाय रस्त्यावरचा आवाज येतो-जातो, संगणकाचा मात्र हातभर अंतरावरून, एकाच सुरात, तासन्‌तास येत राहतो. रस्त्यावरचा भोंगा आपल्याला बंद करता येत नाही, यंत्र मात्र आपण निवडून, पैसे मोजून आणतो. बैठकीतला आवाज सॉफ्टवेअर गाळून टाकते, असेही म्हटले जाते. ते पलीकडच्या माणसासाठी गाळते. खोलीत बसलेल्याला आणि शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलीला तो ऐकावाच लागतो. दिवसभर हेडफोन लावून बसणे हाही काही धड उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शांत संगणकाचे सल्ले थंड देशांतून येतात, विदर्भातल्या मे महिन्यात ते चालायचे नाहीत. यात बरेच तथ्य आहे. तेवढ्याच कामाला आणि तेवढ्याच पंख्याला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतो. २२ अंशांच्या खोलीत जो ७५ अंशांवर स्थिरावतो, तो ३८ अंशांच्या खोलीत ९१ अंशांपर्यंत जाणार. म्हणून पंखाच नसलेले यंत्र आपल्याकडे घेऊ नये, असे मी म्हणेन. ॲपलने १९८० मध्ये ॲपल थ्री पंख्याविना काढला आणि तापण्याच्या तक्रारींनी तो बदनाम झाला. २००० मध्ये आलेला पॉवर मॅक जी४ क्यूब पंख्याविना चालत असे, पण तो महागडा यंत्रराज वर्षभरात बंद करावा लागला. त्याच कंपनीने २०२० मध्ये एम१ चिपचा मॅकबुक एअर पंख्याविना यशस्वी करून दाखवला, तो मुळात ती चिप वीजच कमी खाते म्हणून. अकोल्या-चंद्रपूरच्या उन्हाळ्यातून निघणारा निष्कर्ष असा, की प्रोसेसर कमी वॅटचा घ्यावा आणि कूलर मात्र त्याच्या गरजेपेक्षा दुप्पट ताकदीचा. मग उन्हाळ्यातही पंखे मंदच फिरतील. उष्ण हवामानात कमी विजेचे यंत्र निवडण्याची गरज थंड देशांहून जास्त आहे, कारण आत जाणारा प्रत्येक वॅट शेवटी त्याच तापलेल्या खोलीत येतो. धुळीचेही तसेच. जाळी तुंबली की हवा अडते, तापमान चढते आणि पंखे ओरडू लागतात. दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ब्लोअर मारून घेतला तर हा प्रश्न उरत नाही.

खर्चाचा मुद्दा राहिला. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे तपकिरी पंखे शांततेसाठी नावाजलेले आहेत आणि महागही आहेत, पण ६५ वॅटच्या यंत्राला ते लागतातच असे नाही. साधा बरा पंखा कमी वेगाने फिरवला तरी काम भागते. ग्राफिक्स कार्ड, सर्वांत वरचा प्रोसेसर, काचेचे कॅबिनेट यांवरचे पैसे वाचतात, त्यांतला थोडा भाग मोठ्या कूलरवर आणि चांगल्या एसएमपीएसवर घालावा. यंत्राने ५० वॅट कमी घेतले तर दिवसाला आठ तास आणि महिन्याला २५ दिवस या हिशेबाने १० युनिट वाचतात. वीज गेल्यावर तोच यूपीएस जास्त वेळ तग धरतो, आणि आपल्याकडच्या कित्येक गावांत हा फायदा बिलापेक्षा मोठा आहे. लॅपटॉप का नको, असे कुणी विचारेल. फिरतीवर असणाऱ्याने तोच घ्यावा. पण एका जागी बसून काम करणाऱ्याला लॅपटॉपचा इवलासा पंखा भार येताच चिरक्या आवाजात वेग घेतो हे ठाऊक असते, आणि तो बदलून मोठा बसवण्याची सोय त्यात नसते. डेस्कटॉपचा पंखा बिघडला तर काही शे रुपयांत दुसरा लावता येतो.

एवढे सगळे ग्राहकाने स्वतः शिकावे ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. युरोपीय संघात फ्रिज, वॉशिंग मशीन, डिशवॉशर यांच्या ऊर्जा लेबलावर डेसिबलचा आकडा छापलेला असतो. संगणकाचा आवाज कसा मोजायचा याचे आयएसओ ७७७९ आणि तो कसा जाहीर करायचा याचे आयएसओ ९२९६ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. त्यामुळे तांत्रिक अडचण सांगायला कुणाला जागा नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या तारांकित लेबलांनी भारतीय ग्राहकाला फ्रिज आणि एसी घेताना तारे मोजायला शिकवले. तयार डेस्कटॉपच्या खोक्यावर निवांत असतानाचा आणि भाराखालचा असे आवाजाचे दोन आकडे छापणे सक्तीचे केले, तर तोच ग्राहक तेही वाचायला लागेल. ज्या कंपन्या कर्मचाऱ्यांना घरी यंत्रे पाठवतात, त्यांनी खरेदीच्या अटींत हे आकडे आजच मागावेत. त्यांच्या माणसांच्या घरातली शांतता त्या वापरत आहेत, तर तिची जबाबदारीही त्यांच्यावर येते.

तोवर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा आपल्या गावातल्या ओळखीच्या दुकानात यंत्र जुळवून घेताना कोटेशनवर चार गोष्टी लिहून मागाव्यात: प्रोसेसरची वॅटमर्यादा, पंख्यांचा आकार, कूलरची क्षमता आणि बायोसमधून पंख्यांचा वेग बसवून देण्याचे काम. पैसे चुकते करण्याआधी दुकानाच्या आतल्या खोलीत यंत्र अर्धा तास कामाला लावून, शेजारी बसून ऐकावे. आवाज खटकला तर तसे स्पष्ट सांगावे आणि पंखा बदलून घ्यावा.