मागची खुर्ची

कर्जतला राहणाऱ्या माणसाने बँकेत नोकरी करू नये, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. गावाच्या नावातच कर्ज असल्यामुळे प्रत्येक नवा पाहुणा तोच विनोद करतो आणि आपल्याला तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसावे लागते. मी बी.कॉम. झालो, परीक्षा दिली आणि तेव्हापासून कर्जतहून खोपोलीची गाडी पकडून रोज काउंटरवर बसतो. अलीकडे आम्हां कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे भारदस्त नाव मिळाले आहे. गिऱ्हाईक मात्र अजून "ओ साहेब, तेवढं पासबुक छापा" एवढेच म्हणते.

हे सांगायचे कारण, मी भांडखोर माणूस नाही. पण गेल्या गणपतीत मी भांडलो, आणि हरलो. हरलेला माणूस दुसरे काय करणार? लेख लिहितो.

भांडण झाले स्टील गिटारवरून.

कॉमर्स झालेल्या माणसाला मंडळात खजिनदार होण्यापासून साक्षात गणपतीही वाचवू शकत नाही. त्यामुळे ऑर्केस्ट्राचे कोटेशन माझ्याकडे आले. त्यात शेवटी एक ओळ होती : 'गिटार (स्टील), एक माणूस'. सेक्रेटरींनी त्यावर पेन्सिलीने फुली मारली. म्हणाले, "भाऊ, कीबोर्डवाल्याकडे स्टील गिटारचं बटण आहे. मग वेगळा माणूस कशाला पोसायचा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बोललो, बरेच बोललो, पण समोर चहा आला होता. ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद आहे. आणि चेकवर सही माझी आहे.

तो 'एक माणूस' म्हणजे आमचे गिटारकाका. खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मांडीवर गिटार आडवी ठेवून डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून फिरवतात, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडतात. बसून वाजवायचे वाद्य असल्याने त्यांना खुर्ची लागते, आणि ही खुर्ची आजपर्यंत प्रत्येक स्टेजवर ढोलक्यांच्या मागे, स्पीकरच्या खोक्याला टेकवूनच मांडली गेली आहे. माझा मुलगा लहान असताना त्याने भर कार्यक्रमात मला विचारले होते, "बाबा, ते काका मागे बसून इस्त्री का करतायत?"

आता या बटणाबद्दल बोलू. मी ते बटण ऐकले आहे. त्यातून येणारा आवाज गिटारचाच असतो, नाही असे नाही. पासपोर्टवरचा फोटोही आपलाच असतो! पण गायिकेने एक सूर सोडून दुसरा धरायच्या आतली जी जागा असते, तिथे काका शिरतात. दांडा घसरतो, सूर सरकतो, थोडा थरथरतो आणि मग घरी पोचल्यासारखा बसतो. आपल्याकडे याला मींड म्हणतात. सेक्रेटरींचे म्हणणे, "त्यालाही बाजूला चाक असतं, फिरवलं की सूर वर जातो." जातो ना! पण चाक फिरवले की धरलेले सगळे सूर एकदम वर जातात, सहल निघाल्यासारखे. काका दांडा तिरका धरतात, त्यामुळे दोन तारांमधले अंतरच बदलते. एका सुराने निघायचे आणि दुसऱ्याने मागे रेंगाळायचे, ही गोष्ट चाकाला जमत नाही.

कोणी म्हणेल, परदेशी वाद्याचा एवढा पुळका कशाला? यावर माझा आवाज चढतो. स्टील गिटार हवाई बेटांतून आली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकूने ती नावारूपाला आणली, हे खरे. पण तारेवर काहीतरी घसरवून सूर काढणे ही आपल्या विचित्रवीणेचीच विद्या आहे. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी याच गिटारवर राग वाजवले आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या शेजारी बसून वाजवले. शेजारी, मागे नव्हे. विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये याच घराण्यातल्या वाद्यावर ग्रॅमी मिळाले. आणि न्याय बघा : आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, कारण काय, तर पेटीत मींड निघत नाही! ती बंदी तीसेक वर्षे चालली. त्याच रेडिओवर जिच्यात मींडेशिवाय दुसरे काही नाही ती गिटार आम्ही कधी ऐकायचो? बातम्यांना दोन मिनिटे कमी पडली की. व्हॅन शिप्ले काय, सुनील गांगुली काय, आपल्या कानांवर पडले ते एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या सांदीत. आमच्याकडे आलेला माणूस बसायला सोफा नसला की ट्रंकेवर बसतो, तसे.

तोच मुलगा आता कॉलेजात आहे. माझे भांडण ऐकून त्याने मोबाइलवर एक गोरे म्हातारबुवा दाखवले. नाव नील यंग. कॅनडाचे, जन्म १९४५ चा, रॉकमधले जुने खोड. २००५ साली नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात त्यांनी केलेल्या कार्यक्रमाचा जोनाथन डेमीने काढलेला चित्रपट होता. मुलगा म्हणाला, "बाबा, यांना नका बघू. ते बघा, तुमचे इस्त्रीवाले काका."

खरेच होते! बेन कीथ. पुढ्यात चार पायांचे टेबल, त्यावर तारा. याला पेडल स्टील गिटार म्हणतात. साधारणपणे दहा दहा तारांच्या एक किंवा दोन फळ्या, खाली पायाने दाबायची पेडले, गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या. एक पेडल दाबले की ठरावीक तारा चढतात आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. १९५४ च्या सुमारास वेब पीअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून हा सूर वळवला आणि अमेरिकेतले स्टील गिटारवाले कामाला लागले. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे एकाच वेळी गुंतलेले. याच्या जवळपास येणारा एकच प्राणी मी पाहिला आहे, तो म्हणजे आमचा कॅशियर : हात नोटांत, डोळे गिऱ्हाइकावर आणि पाय टेबलाखालच्या धोक्याच्या बटणाजवळ.

पण मला खिळवून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा बेन कीथ १९७२ च्या 'हार्व्हेस्ट' या तबकडीपासून नील यंगबरोबर होता. मध्ये खंड पडले, यंगबुवांनी पंथ बदलले, कर्कश वाजवले, हळुवार वाजवले. पण २०१० मध्ये कीथ वारला तोपर्यंत हा जिव्हाळा टिकला. नोबेल मिळवणाऱ्या बॉब डिलननेही २००५ पासून बरीच वर्षे डॉनी हेरन नावाचा पेडल स्टीलवाला आपल्या दौऱ्यांत बाळगला. या लोकांना बटण परवडत नव्हते का? जगातली सगळी बटणे विकत घेतील इतके पैसे त्यांच्याकडे आहेत. तरी ते माणूस नेतात, त्याचे टेबल नेतात. कारण उतारवयात गाणाऱ्याचा आवाज जिथे पोचत नाही, तिथे हा मागचा माणूस त्याला हात देतो.

हे न्यूयॉर्कवाल्यांना न कळले तर समजू शकतो, पण कर्जतकरांना? पुण्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्या स्टेशनात थांबतात, मागून जादा इंजिने लागतात आणि मग सदतिसात एक असा बोरघाटाचा चढ चढतात. त्या इंजिनांना रेल्वेत बँकर म्हणतात. (हा विनोद मात्र कोणी पाहुणा करत नाही.) प्रवासी बटाटेवडा खात पुढे बघतात. एकदा मागचे इंजिन काढून त्याजागी इंजिनाच्या आवाजाची टेप लावा, आणि पळसदरीच्या पुढे काय होते ते मला कळवा.

ऑर्केस्ट्रा झाला. काका आले होते. शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी नजर चुकवत चहाच्या टेबलाकडे चाललो होतो, तेवढ्यात कीबोर्डवाल्याने ते बटण दाबले. काकांचा डावा हात त्यांच्या मांडीवर आपोआप सरकला. सूर जिथे पोचायला हवा होता तिथे हात पोचला. सूर नाही पोचला.

पुढच्या आठवड्यात ते बँकेत आले, पासबुक छापायला. मी छापून दिले. म्हणाले, "भाऊ, ॲम्प्लिफायर दुरुस्त करून आणलाय. घरघर होती ती गेली." एवढेच. गणपतीबद्दल अक्षर नाही. मागे रांग होती, ते गेले.

यंदाचे अंदाजपत्रक मी करून ठेवले आहे. त्यात पहिलीच ओळ आहे : 'गिटार (स्टील), एक माणूस, एक खुर्ची, स्टेजच्या पुढच्या कडेला'. पेन्सिलीने नव्हे, शाईने. सेक्रेटरींनी कालच निरोप धाडला की जादा खुर्ची मांडववाल्याच्या भाड्यात बसत नाही. रविवारी सभा आहे. खुर्ची मी घरून नेणार आहे.